चौदाव्या होलवर सात नंबर

१४ सप्टेंबर, रविवार

सात नंबर दिली. पाच द्यायला हवी होती!

लिहून टाकलं एकदाचं. सकाळी साडेअकरापासून हेच वाक्य डोक्यात घुमतंय आणि तोंडातून बाहेर पडत नाही. निदान कागदावर तरी पडू दे.

आज ज्येष्ठांच्या गोल्फ चषकाचा शेवटचा दिवस. जज्जसाहेबांची काठ्यांची पिशवी माझ्याकडे, चार वर्षं असते तशी. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त होऊन जमाना झाला, पण मैदानावर अजून जज्जसाहेबच. माझ्याकडे पिशवी आल्यापासून पहिल्यांदाच शेवटच्या दिवसापर्यंत पोचले, आणि तेरा होल संपले तेव्हा दोन फटक्यांनी पुढे! मनातल्या मनात मी चषक त्यांच्या दिवाणखान्यात ठेवूनसुद्धा आले होते.

मग चौदावा. एरवी तो खालच्या पायरीवरून खेळतात, तो मला झोपेतसुद्धा येतो. वरचा कडा वर्षातून एकदाच उघडतात, चषकाच्या शेवटच्या दिवशी. तिथून झेंड्याची हिरवळ, म्हणजे ग्रीन, साठ फूट खाली, तळहाताएवढं दिसतं, आणि त्याच्या अलीकडे घळ. चेंडू कमी पडला की घळीत, खेळ खलास. जज्जसाहेब अंतर विचारत नाहीत. चष्मा लावला की चेंडू दोन दिसतात म्हणून चष्मा पिशवीत, त्यामुळे काठीवरचा नंबर त्यांना वाचता येत नाही. नुसता हात मागे करतात. मी काठी ठेवते, ते मारतात. काठीचा नंबर लहान तितका चेंडू लांब.

मी वही उघडली, हिशेब केला, सात नंबर ठेवली. फटका काय सुरेख बसला! शेजारचा खेळाडूसुद्धा वा म्हणाला. चेंडू झेंड्याच्या रेषेत सरळ गेला आणि वीस यार्ड अलीकडे घळीत दिसेनासा झाला. दुसरा चेंडू घाईत मारला, तोही गेला. तीन फटक्यांच्या होलला सात लागले. चषक गेला.

उरलेले चार होल जज्जसाहेबांनी खेळून संपवले. शेवटी हातमोजा काढताना म्हणाले, "आकडा चुकला वाटतं, बाई." बस्स. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आले तर मामंजी दारातच. एकतीस वर्षं याच चढउतारांवर पिशव्या वाहिल्या त्यांनी, मला हे काम शिकवलं त्यांनीच. रेडिओने (आमच्या शेडमधली, कामाला माझ्याबरोबरच लागलेली, तिच्या कानावर पडलं की गावभर झालंच) फोनवर सगळं आधीच सांगितलेलं. त्यांनी एकच विचारलं.

"चौदाला कुठली दिलीस?"

"पाच," मी म्हटलं.

जिभेला कोणी ढकललं कोण जाणे. फटका नीट बसला नव्हता का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणाले असते तर सुटले असते. पण तो फटका साऱ्यांनी पाहिलाय, आणि जज्जसाहेबांवर तेवढं घालायची हिंमत झाली नाही. स्वच्छ बसला, म्हटलं. मामंजी बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. "पाच पुरायला हवी होती गं," म्हणाले. मी आत जाऊन कुकर लावला.

१५ सप्टेंबर, सोमवार

सोमवारी मैदान बंद. मामंजी औषधं आणायला गेले, तेवढ्यात दोन्ही वह्या पलंगावर उघडून बसले. स्वतःच्याच घरात चोरासारखी!

त्यांच्या वहीत प्रत्येक होलला दोन आकडे. काळ्या पेन्सिलचा म्हणजे पावलांनी मोजलेलं अंतर. मामंजींचं पाऊल म्हणजे छत्तीस इंच, बरोबर एक यार्ड, डोळे मिटून चालले तरी. लाल पेन्सिलचा म्हणजे खेळायचा आकडा. तीन फूट उतार असेल तर एक यार्ड वजा, तीन फूट चढ असेल तर एक यार्ड जमा. डोंगरात काठी निवडायची ती लाल आकड्यावरून.

गेल्या हिवाळ्यात पिशवीत पाण्याची बाटली सांडली आणि वही भिजली. मग मी नवी वही उतरवून काढली. निळ्या पेनाने, सुबक अक्षरात. फक्त काळे आकडे घेतले. वजाबाकी मला येत नाही की काय, लाल कशाला? ही माझी मिजास. चौदाव्याच्या पानावर, वरच्या कड्यापुढे, काळा आकडा पाण्याने पुसला गेला होता. लाल तेवढा उरलेला, १४५. तोच लिहिला. म्हटलं नंतर खूण करू. ती केलीच नाही.

काल कड्यावर उभी राहून १४५ वाचले, साठ फूट उताराचे वीस वजा केले, सव्वाशे आले, म्हणजे सात नंबर. वजा केलेल्यातून पुन्हा वजा! शिकाऊ माणसानेही करू नये असली चूक. मामंजींचा आकडा बरोबर होता. पाच नंबर एकशेपंचेचाळीस जाते. ग्रीनच्या मधोमध पडली असती.

आज संध्याकाळी सांगेन. जेवताना सांगेन.

(नाही सांगितलं. त्यांनी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून चिडवलं आणि मला हसू आलं, आणि हसल्यावर ते राहूनच गेलं.)

१६ सप्टेंबर, मंगळवार

क्लबच्या सेक्रेटरींच्या खोलीत बोलावणं. टेबलावर काच, काचेखाली मैदानाचा नकाशा. जज्जसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत. तक्रार नाही, नुसतं समजून घ्यायचंय, असं सेक्रेटरी तीनदा म्हणाले. तीनदा म्हणाले तेव्हाच कळलं की तक्रार आहे.

"आकडा कुठून आला?"

"मामंजींच्या वहीतून."

एवढंच बोलले मी. दोन शब्द. आणि ते खरे होते, तीच तर गंमत! पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण सेक्रेटरींनी मान हलवली आणि जज्जसाहेबांकडे बघितलं, जज्जसाहेबांनी डोळे मिटून उघडले, आणि खोलीतलं काम संपलंच. जन्मभर साक्षी-पुरावे तपासलेला माणूस! एक प्रश्न विचारला असता उलट तर मी तिथेच कोसळले असते.

मग मामंजींना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सेक्रेटरींनी आदराने मास्तर म्हटलं, शेडमध्ये सगळे म्हणतात तसं, पाणी दिलं. मामंजी उभ्यानेच म्हणाले की वही माझी आहे, चूक असेल तर माझी, सुनेला बोलू नका. तिने पाच दिली होती, पाचच द्यायला हवी होती त्या आकड्यावर.

मी नकाशाकडे बघत होते. चौदाव्या होलवर कोणाच्या तरी कपाचा गोल डाग पडलाय.

सेक्रेटरींना अंतर मोजायची यंत्रं घ्यायचीच होती, निमित्त हवं होतं. यंत्रं यायला महिना लागेल. तोवर नव्या कॅडींना शनिवारी शिकवायला मास्तरांनी येण्याची तसदी घेऊ नये. तसदी! नऊ वर्षं तो शनिवार त्या माणसाचा जीव की प्राण आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

ताटातली पोळी तशीच झाकून ठेवली. मामंजी म्हणतात, चषकाचं मनाला लावून घेऊ नकोस.

२० सप्टेंबर, शनिवार

सहाला मामंजी बूट घालून तयार. बूट घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग काढले नाहीत, तसेच बूट घालून अंगणात पेपर वाचत बसले, साडेनऊपर्यंत.

मला आठवला माझा पहिला शनिवार. लग्नाला सात वर्षं झाली होती, हे ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, घरात बसून मी वैतागले होते. सासूबाई नुकत्याच गेलेल्या. मामंजी म्हणाले, चल माझ्याबरोबर, पाय तरी मोकळे होतील. शेडमध्ये हसले सगळे, मास्तरांनी सून आणली म्हणून. त्यांनी मला सहाव्याच्या ग्रीनवर नेलं आणि विचारलं, इथून टोलवला तर चेंडू कुठे वळेल? मी म्हटलं उजवीकडे, उजवीकडे उतार दिसतोय ना. त्यांनी चेंडू सोडला. डावीकडे गेला! म्हणाले, डोंगरात डोळ्यावर जायचं नाही. दरी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघ, चेंडूला दरी आपल्या आधी कळते.

असं किती! झेंड्याच्या वर थांबायचं नाही, खाली थांबायचं, म्हणजे शेवटचा टोला चढावर येतो. चेंडू पायापेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे ओढणार, तेवढं उजवीकडे धरायचं. वर उभं राहिलं की वारा नसतो, पण घळीच्या तोंडाशी असतो, म्हणून झेंड्याकडे न बघता घळीतल्या झाडांचे शेंडे बघायचे. आणि खेळाडू घाबरला असेल तर त्याला अंतर सांगायचंच नाही, काठी द्यायची आणि बुटाची लेस बांधायला खाली बसायचं. आपण निवांत दिसलो की तो निवांत होतो.

त्या दिवशी चौदाव्यावर मी लेस बांधायला बसले होते. निवांत!

२२ सप्टेंबर, सोमवार

मैदान बंद. मामंजी सकाळीच म्हणाले, चल, चौदावा मोजून येऊ. त्या काळ्या आकड्याची खात्री करायचीय, तो पुसलाय ना.

गुडघ्याला पट्टा बांधला त्यांनी. कड्यावरून पायवाट सरळ ग्रीनकडे उतरते, घळीवर लाकडी साकव आहे. ते पुढे, मी मागे. हात मागे बांधून, ओठ हलवत मोजत होते. साकवावर थांबले, दम घेतला, आकडा विसरू नये म्हणून बोटं दुमडून धरली. मी कठडा धरून उभी. आत्ता सांग, आत्ता सांग, असं स्वतःला म्हणत होते, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर पाणी हवंय का!

झेंड्यापाशी पोचले. "एकशेशहाऐंशी," म्हणाले.

मी मागून बघत होते ना! त्यांचं पाऊल पूर्वीसारखं पडत नाही आता. गुडघ्यामुळे आखूड पडतं, चांगलं चार बोटं आखूड. एकशेशहाऐंशी पावलं खरी, पण ते यार्ड नाहीत. खरं अंतर एकशेपासष्टच असणार, वीस वजा केले की एकशेपंचेचाळीस, वहीतल्यासारखं. हे त्यांच्या ध्यानात येईना. ते परत वर चढले आणि पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मी नको नको म्हणत राहिले, पण का नको ते सांगितलं नाही.

परत निघालो. आणि मला, खरं लिहायचं तर, थोडं हलकं वाटलं! माझ्या खोट्याने निम्मं काम केलं असेल, निम्मं त्यांच्या पायांनी केलं. त्यांचे पायच त्यांना फसवताहेत, त्याला मी काय करणार? असं मनाशी म्हटलं आणि दुपारी आठवड्यात पहिल्यांदा डोळा लागला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मामंजी आता सगळंच विचारतात. गोळी घेतली का मी? गॅस बंद केला ना? कडी लावली ना? काल दुकानातून परत आले, सुटे पैसे माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, बघ गं बरोबर आहेत का. ह्या माणसाने एकतीस वर्षांत कोणाच्या पिशवीतला एक चेंडू विसरलेला नाही.

यांचा फोन आला. बाबा विसरायला लागलेत का, असं विचारत होते. बाबांनीच त्यांना सांगितलं म्हणे की डोक्याचा डॉक्टर बघून ठेव. मी म्हटलं, वय झालं आता, व्हायचंच.

वय झालं म्हटलं मी. नवऱ्याला. त्याच्या बापाबद्दल. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. रडून काय होणार? सोपा उपाय खोलीबाहेर पेपर वाचत बसला होता.

२७ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी कामावरून आले तर मामंजी टेबलाशी. पुढ्यात त्यांची वही, खोडरबर, लाल पेन्सिल. टेबलभर रबराचा चुरा.

म्हणाले, उताराचा नियमच चुकला असणार माझा. पाच नंबर वीस यार्ड कमी पडली, म्हणजे उताराचं काही वजा करायलाच नको होतं. म्हणजे चौदावाच नाही, सगळेच उताराचे होल चुकले. दुसरा, सहावा, नववा, अकरावा. सगळे खोडून नव्याने लिहिले बघ.

मी वही हातात घेतली. नऊ पानं. एकतीस वर्षांचे लाल आकडे घासून घासून पुसलेले, कागद पातळ झालाय, आणि वर नवे आकडे. सगळे चूक! या आकड्यांनी कोणी खेळलं तर प्रत्येक चेंडू ग्रीनच्या पार मागे, झाडीत.

"किती जणांना चुकीचं शिकवलं गं मी," म्हणाले. "कोणी बोललं कसं नाही?"

मी चुरा हाताने गोळा केला आणि केराच्या डब्यात टाकला. मी बाई नाही, दगड आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

जज्जसाहेबांना तो कडा सलत होता. सेक्रेटरींची खास परवानगी काढून आज वरून पुन्हा मारायला आले. दोघंच. हात मागे केला. मी पाच नंबर ठेवली.

ग्रीनच्या मध्यावर पडला, झेंड्यापासून चार पावलांवर! जज्जसाहेबांनी पिशवीतून चष्मा काढून लावला, खाली बघितलं, आणि मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वही दुरुस्त झाली वाटतं. मास्तरांचं वय झालंय बाई, आपणच समजून घ्यायला हवं."

हो म्हटलं मी. हो!

आता बास. माणसाने किती खाली उतरायचं त्यालाही काही तळ असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

सकाळचा चहा झाल्यावर दोन्ही वह्या पुढ्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं. तुमचा लाल आकडा मी काळा समजून वापरला. दोनदा वजा केलं. पाच नाही, सात दिली. तुमच्याशी खोटं बोलले. सेक्रेटरींपुढे अर्धंच बोलले. शेवटपर्यंत बोलले.

मामंजी ऐकत राहिले. मग हसले! प्रेमाने, मान हलवत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी लग्नानंतर एकदाच ठेवला होता.

"तुला शिकवलं कोणी? मी. तू दोनदा वजा करणारी नाहीस."

मी म्हटलं, मामंजी, खरंच केलं हो. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस, कळतं मला. तुझी सासू असती तर तिनेही हेच केलं असतं. पण म्हाताऱ्यासाठी खोटं बोलायचं नाही.

वही उघडून दाखवावी, तर तिथला १४५ त्यांनीच खोडलेला. माझ्या वहीत निळा १४५ आहे, पण त्यावरून काय सिद्ध होतं? आकडा त्यांच्याच वहीतला. जज्जसाहेबांना काठीचा नंबर माहीत नाही. सात नंबर दिली हे जगात एकटीला माहीत, आणि तिच्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही!

२ ऑक्टोबर, गुरुवार

मामंजींनी रेडिओला सांगितलं. त्यामुळे शेडला कळलं. सगळे म्हणतात, सून असावी तर अशी. हजेरी घेणाऱ्याने उठून खुर्ची दिली मला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं की यंत्रं अजून लांबलीत, आणि नवे सहा जण भरती झालेत. पुढच्या शनिवारपासून शिकवणं माझ्याकडे. शिफारस मास्तरांची, स्वतः येऊन करून गेले.

संध्याकाळी मामंजींनी वही माझ्या हातात दिली. नवं वेष्टण घातलंय तिला, खाकी कागदाचं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. "दुरुस्त केलेली आहे, आता बिनधास्त शिकव," म्हणाले. पहिल्या धड्याला स्वतः येऊन बसणार आहेत. मागे बसेन, मध्ये बोलणार नाही, असं वचनसुद्धा दिलं. तीन आठवड्यांनी त्यांचा चेहरा जरा उजळलेला. मी पाया पडले. दुसरं काय करावं सुचेना.

८ ऑक्टोबर, बुधवार

तीन वाटा दिसतात. त्यांच्या नव्या आकड्यांनी शिकवायचं, म्हणजे सहा माणसांना उभ्या जन्माचं चुकीचं शिकवायचं. जुन्या आकड्यांनी शिकवायचं, म्हणजे त्यांच्यासमोर त्यांना खोटं पाडायचं, आणि तेही का ते न सांगता. तिसरी वाट मला माहीत आहे. ती धरली की काम जाईल, शेडमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे रस्त्यावरून परत येतील तेव्हा त्यांना काय सांगू ते वेगळंच.

आज दुपारभर भांडी घासत तीच वाट धरायचा सराव केला. कढई तीनदा घासली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सेक्रेटरींना आणि जज्जसाहेबांना निरोप दिला. उद्या आठला चौदाव्याच्या वरच्या कड्यावर या, पहिला धडा तिथे आहे. सोबत बांधकामवाल्याकडून लांब मोजपट्टी मागून आणली.

११ ऑक्टोबर, शनिवार

सहा नवे. त्यात एक बसचा माजी कंडक्टर, दोन बायका, एक चाळिशीचा शिंपी. मामंजी घडीच्या खुर्चीत, मागे, कबूल केल्याप्रमाणे. सेक्रेटरी घड्याळ बघत. जज्जसाहेबांनी आज चष्मा लावलेला.

मी म्हटलं, आजचा धडा चुकीचा आहे. म्हणजे चूक कशी होते त्याचा आहे. आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, त्या सहा अनोळखी माणसांना. लाल आकडा, काळा आकडा, पुसलेलं पान, माझी मिजास. दोनदा वजा. पिशवीतून सात नंबर काढून जज्जसाहेबांच्या हातात दिली, नंबर वाचायला लावला. "ही दिली होती मी तुम्हाला, साहेब. चषक मी घालवला. आणि मामंजींची वही बरोबर असताना त्यांना चूक ठरू दिलं."

मग शिंप्याला आणि कंडक्टरला मोजपट्टी धरायला लावली. कड्यापासून साकवापर्यंत, साकवापासून झेंड्यापर्यंत. वरून खाली ओरडून विचारलं, खालून ओरडून उत्तर आलं. एकशेपासष्ट. अर्धा यार्डसुद्धा इकडे तिकडे नाही! कित्येक वर्षांपूर्वी पावलांनी मोजलेलं.

जज्जसाहेबांनी सात नंबर माझ्या हातात परत दिली. मग मामंजींच्या खुर्चीपाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. सेक्रेटरी म्हणाले, सोमवारी भेटा. सोमवारी मैदान बंद असतं, म्हणजे काम गेलं ते समजले.

मामंजींकडे बघायची माझी छाती होत नव्हती. तरी म्हटलं, सगळ्यांदेखत, त्यांना समजावं म्हणून म्हटलं, की त्या सोमवारी तुमचे आकडे जास्त आले कारण तुमचं पाऊल आता आखूड पडतं. त्यात तुमची काही चूक नाही. वयाचं आहे.

ते उठले, खुर्ची मिटली, पायवाटेला लागले.

१२ ऑक्टोबर, रविवार

 आज सकाळी चहा झाल्यावर मामंजी बोलले, कप हातात धरून, माझ्याकडे न बघता.

"पाऊल बत्तीस इंचावर आलंय ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तेवढं धरूनच मोजत होतो. एकशेशहाऐंशी पावलं म्हणजे एकशेपासष्ट यार्डच होतात, तिन्ही वेळा तेच आलं. माझा आकडा बरोबर होता गं. पण तू पाच म्हणाली होतीस."